ज्येष्ठांसाठीचा मोबाईल क्लास, डोंबिवली: आईच्या बॅचबद्दल सविस्तर

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच, पण आधी चांगलं सांगते कारण चांगलं खूप आहे आणि असे क्लास आता गल्लोगल्ली निघतायत, त्यातला कुठला खरंच उपयोगाचा आणि कुठला नुसता फोटो काढायला हे घरच्यांना कळायला हवं.

डोंबिवली पूर्वेला आमच्या भागातला ज्येष्ठ नागरिक संघ हा क्लास चालवतो. त्यांच्याच हॉलमध्ये, आठवड्यातून दोन दिवस, दुपारी चार ते साडेपाच, दोन महिन्यांची बॅच, एका बॅचला बारा-पंधरा जण, त्याच्यावर घेतच नाहीत. फी नाममात्र आहे. संघाचं नाव टाकत नाहीये कारण त्यांनीच सांगितलं टाकू नका, पुढच्या बॅचसाठी आधीच रांग आहे आणि लांबून फोन यायला लागले की नाही म्हणताना त्यांना वाईट वाटतं. शिकवणाऱ्या ताई बँकेतून रिटायर झालेल्या आहेत आणि मदतीला कॉलेजची पोरं असतात, साधारण तीन म्हाताऱ्यांमागे एक पोरगं किंवा पोरगी.

आई एकाहत्तर वर्षांची आहे. बाबा रेल्वेत होते, ते गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन सुरू झाली. फोन भावाने घेऊन दिलेला, चांगला महागातला, पण त्यावर आई करायची काय तर आलेला फोन उचलायचा, व्हॉट्सॲपवर फुलांचे फोटो बघायचे आणि भावाचा बंगलोरहून व्हिडिओ कॉल आला तर घ्यायचा. स्वतःहून कधी लावायचा नाही. "काहीतरी दाबलं जाईल" हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि हे फक्त आमच्या आईचं नाही, क्लासला आलेल्या जवळपास सगळ्यांचं हेच होतं, बुद्धी कमी नाही, हात थरथरतो म्हणूनही नाही, भीती आहे की आपण काही केलं तर पैसे जातील नाहीतर फोन बिघडेल आणि मग मुलांना सांगावं लागेल.

याच्या आधी ती एका कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटच्या 'सीनियर सिटिझन स्पेशल' कोर्सला गेली होती. नाव नाही घेत. तिथे एसी, प्रोजेक्टर, छापील फाईल, शेवटी फ्रेममध्ये सर्टिफिकेट, सगळं होतं. पहिल्या दिवशी इंटरनेट म्हणजे काय, दुसऱ्या दिवशी ईमेलचे प्रकार. भिंतीवर दिसणारा फोन सरांचा, आईच्या हातातला वेगळ्या कंपनीचा, तिथलं बटण इथे नाही. कोणी अडलं की सर यायचे, फोन हातातून घ्यायचे, चार वेळा टकटक करून "हे बघा झालं" म्हणून परत द्यायचे. झालं खरं, पण कसं झालं ते फक्त सरांना माहीत. आणि कोर्स संपला की संपला, नंतर विचारायला गेलं तर रिसेप्शनवरची मुलगी नवीन बॅचचा फॉर्म पुढे करायची. सर्टिफिकेट अजून शोकेसमध्ये आहे.

म्हणून या क्लासला जायला आई तयारच नव्हती. शेजारच्या काकूंनी जवळजवळ ओढत नेली. मी पहिल्या दिवशी सोडायला गेले आणि तिथेच मागे बसून राहिले, बसू दिलं त्यांनी, एकच अट, मध्ये बोलायचं नाही.

तर पहिल्या दिवशी काय शिकवलं? काहीच नाही म्हटलं तरी चालेल. फोन प्रत्येकाच्या स्वतःच्या हाताला बसवून दिले. अक्षर मोठं केलं. स्क्रीन तीस सेकंदात बंद व्हायची ती दोन मिनिटांवर नेली. हे इतकं छोटं आहे पण विचार करा, माणूस चष्मा सारखा करतो, वहीत एक ओळ लिहितो, वर बघतो तर स्क्रीन काळी, परत लॉक, परत पॅटर्न, परत पहिल्यापासून. त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

मग बोटाचा प्रकार. हे मला खरंच नवीन होतं. वय झालं की बरेच जण बटणावर टिचकी मारत नाहीत, बोट टेकवून ठेवतात, दाबल्यासारखं वाटायला हवं ना म्हणून. फोनला वाटतं हे 'दाबून धरलंय', मग तो भलताच मेनू उघडतो, आयकॉन हलायला लागतात, एखादं ॲप जागेवरून गायब. ताईंनी प्रत्येकाच्या फोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या सेटिंगमध्ये जाऊन किती वेळ धरलं की 'दाबून धरलं' समजायचं ती वेळ वाढवून दिली. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये हे वेगळ्या ठिकाणी असतं, पोरं शोधून काढत होती. आईचे आयकॉन पळायचे बंद झाले त्या दिवसापासून. तिचा चेहरा बघायला हवा होता. इतके दिवस ती समजत होती की आपल्यालाच जमत नाही, आणि फोनचीच एक सेटिंग होती ती!

एका काकांना ऐकू कमी येतं, कानाचं मशीन आहे पण हॉलमध्ये पंखे आणि आवाज यात काही कळत नाही. त्यांच्या फोनवर एका पोराने लाईव्ह ट्रान्सक्राइब टाकून दिलं, ताई बोलतायत ते मराठीत लिहून येतं समोर, चुका असतात थोड्या पण अर्थ लागतो. काका पहिला अर्धा तास गप्प होते, ते चालू झाल्यावर सगळ्यात जास्त प्रश्न त्यांचेच.

ताईंचा एक नियम आहे जो त्या पोरांना पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगतात: समोरच्याच्या फोनला हात लावायचा नाही. काहीही झालं तरी नाही. बोटाने दाखवायचं, तोंडाने सांगायचं, वेळ लागला तर थांबायचं. पोरांना हे सगळ्यात जड जातं, एकोणीस-वीस वर्षांची आहेत, त्यांची बोटं शिवशिवतात. पण मी बघितलंय, एक मुलगी हात मागे बांधून उभी राहायची अक्षरशः, आणि एका आजींना व्हिडिओ कॉल लावायला बराच वेळ लागला तरी तिने हात पुढे केला नाही. आजींनी लावला. पुण्याच्या नातवाला. नातू म्हणे, "आजी, कोणी लावून दिला?"

वही पण आहेच. छापील काही देत नाहीत, प्रत्येकाने आपापल्या वहीत आपापल्या भाषेत लिहायचं. आईच्या वहीत लिहिलंय, "हिरवा फोनवाला गोल, मग वर कॅमेरा, खाली तिघं जण दिसतात त्यातला पहिला." मला ते वाचून काही कळत नाही आणि कळायची गरजच नाही, तिला कळतं. इन्स्टिट्यूटच्या फाईलमध्ये होतं 'इंटरफेसवरील विकल्प निवडा'. कोणाला समजणार ते, सांगा.

आता मुख्य मुद्दा. दुसऱ्या दिवशी ताईंनी सिलॅबस काढला नाही, विचारलं की तुम्हाला या महिन्यात फोनवर कुठलं काम स्वतः करायचंय, एकच सांगा. एकीला लाईट बिल. एकाला मुलाला न विचारता बँकेतला बॅलन्स. एका आजींना गजानन विजयचं पारायण ऐकायचं होतं. एका काकांना लोकलचं तिकीट, कारण खिडकीवर उभं राहवत नाही. एकांना तर फक्त गेलेल्या बायकोचे जुन्या फोनमधले फोटो नव्या फोनमध्ये हवे होते, बाकी काही शिकायचं नव्हतं. ते पहिल्यांदा केलं. आईला हयातीचा दाखला.

हयातीच्या दाखल्याबद्दल जरा जास्त लिहिते कारण आमच्यासाठी हीच खरी परीक्षा होती. दर नोव्हेंबरला पेन्शनरांनी आपण जिवंत आहोत हे सांगायचं असतं, ऐंशीच्या वरच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो. बँकेत त्या महिन्यात काय गर्दी असते ते बघितलेल्यांना सांगायला नको. जीवन प्रमाण ही ऑनलाईन सोय २०१४ च्या नोव्हेंबरपासून आहे, पण तेव्हा बोटाचा ठसा घेणारं मशीन लागायचं, आणि म्हाताऱ्या माणसांचे ठसे झिजलेले असतात, भांडी घासून कपडे धुवून रेषाच राहिलेल्या नसतात. २०२१ च्या शेवटापासून चेहऱ्यावरून करता येतं, घरच्या साध्या अँड्रॉइड फोनवर. दोन ॲप लागतात, एक आधारचं चेहरा ओळखणारं आणि एक जीवन प्रमाणचं. सगळ्यात घोळ होतो तो इथे, की आधी तुम्ही 'ऑपरेटर' म्हणून स्वतःचा चेहरा दाखवायचा आणि नंतर 'पेन्शनर' म्हणून परत तोच चेहरा. लोकांना वाटतं एकदा झालं की काम झालं, फोन ठेवून देतात, आणि दाखला गेलेलाच नसतो! ताईंनी हे वहीत लाल पेनने लिहायला लावलं, "दोनदा चेहरा". मग पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशाच्या कागदावरचा), बँक खातं, आणि खिडकीकडे तोंड करून बसायचं म्हणजे उजेड चेहऱ्यावर येतो, पाठीमागे खिडकी असली की तो ओळखतच नाही. डोळे मिचकवायला सांगतो ॲप. शेवटी मेसेजवर प्रमाण आयडी आला की झालं, तो नंबर वहीत उतरवायचा.

त्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो, पुनर्विवाह केला आहे का. हॉलमध्ये फॅमिली पेन्शनवाल्या चौघी-पाच जणी होत्या, एकीने तो मोठ्याने वाचला आणि ज्या काही हसल्या त्या, पाच मिनिटं क्लास बंद. असं हसणं आईचं बाबा गेल्यापासून मी ऐकलं नव्हतं.

ईपीएफची पेन्शन ज्यांना आहे त्यांना नोव्हेंबरचीच वाट बघायची गरज नसते, वर्षात कधीही दिला की तिथून पुढे एक वर्ष चालतो, हे तिथल्या अर्ध्या लोकांना माहीतच नव्हतं. एका काकांनी तिथल्या तिथे भर पावसाळ्यात देऊन टाकला.

नोव्हेंबरात आईने आपला दाखला घरी, स्वतः, वही समोर ठेवून दिला. मी फोनवर होते नुसती. प्रमाण आयडी आल्यावर तिने माझा फोन ठेवला आणि लगेच त्या शेजारच्या काकूंना लावला, "चल तुझा पण करू". मला विचाराल तर क्लास यशस्वी झाला तो तेव्हा.

हे काम आधी, विषय नंतर असं धरणं नवीन नाहीये. आपल्या जवळचंच उदाहरण आहे, मुरबाड तालुक्यातलं फांगणे. तिथली आजीबाईंची शाळा २०१६ च्या महिलादिनाला सुरू झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेतले योगेंद्र बांगर सर यांनी सुरू केली, त्या गुलाबी साड्यांमधल्या, पाटी-दप्तर घेऊन जाणाऱ्या आज्यांचे फोटो सगळ्यांनी बघितले असतील. फोटो गोड आहेत म्हणून लोक ते फिरवतात पण मला त्यातलं वेगळंच महत्त्वाचं वाटतं. शाळा दुपारी, म्हणजे घरचं आवरून, शेताचं बघून झाल्यावर. जागा गावातच. शिकवणारी गावातलीच सून. आणि आज्यांना हवं काय होतं, तर पोथी स्वतःला वाचता यावी आणि बँकेत अंगठा न लावता सही करता यावी. कोणी त्यांना साक्षरतेचं महत्त्व पटवायला गेलं नाही, त्यांना पटलेलंच होतं. सगळ्यांना सारखी साडी हा पण मला फार विचारपूर्वक केलेला भाग वाटतो, कारण या वयात शाळेत जाताना लोक काय म्हणतील ही सगळ्यात मोठी अडचण असते, आणि सगळ्या जणी मिळून निघाल्या की कोणी एकटीला हसू शकत नाही.

केरळचं पण असंच. तिथल्या अक्षरलक्षम या साक्षरतेच्या परीक्षेत २०१८ ला कार्त्यायनी अम्मांनी शंभरपैकी ९८ काढले, वय ९६! ही बातमी तेव्हा सगळीकडे होती. पण त्यानंतरचं कमी लोकांना माहितीये. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात पुल्लमपारा म्हणून पंचायत आहे, तिथे रोजगार हमीच्या मजुरांना खात्यात पैसे आले का बघायला बँकेत जावं लागायचं आणि तेवढ्यात दिवसाची मजुरी बुडायची. मग शिकवणारे कामाच्या जागीच जायला लागले, घरोघरी गेले, लोकांना वर्गात बोलावलं नाही. २०२२ मध्ये पुल्लमपारा पूर्ण डिजिटल साक्षर पंचायत म्हणून जाहीर झाली आणि तेच पुढे वाढवत ऑगस्ट २०२५ मध्ये अख्खं केरळ. आपल्याकडे कधी, असं वाटतं ना. माणसं आपल्याकडे काय कमी हुशार आहेत? डोंबिवलीत तर एका सोसायटीत दहा रिटायर्ड मास्तर सापडतील.

परत क्लासवर येते. फसवणुकीवर त्यांनी एक अख्खा आठवडा दिला आणि तो मला सगळ्यात आवडला. भाषण नाही. बाहेरच्या पॅसेजमधून एक पोरगा हॉलमधल्या कोणालाही फोन लावायचा, "नमस्कार, बँकेतून बोलतोय, तुमचं केवायसी संपलंय, एक ओटीपी येईल तो सांगा." नाहीतर "पेन्शन ऑफिसातून बोलतोय, हयातीचा दाखला अपडेट नाही, पेन्शन थांबेल." सगळ्यांनी स्पीकरवर ऐकायचं आणि ज्याला फोन आलाय त्याने काय करायचं ते करून दाखवायचं. पहिल्या दिवशी जवळपास सगळे अदबीने उत्तरं देत होते. "हो साहेब, थांबा हं साहेब, चष्मा घेते." फोन कट करणं म्हणजे उद्धटपणा असं वाटतं या पिढीला, आणि चोर नेमका त्याच्यावरच जगतो. म्हणून ताईंनी फोन कट करायची प्रॅक्टिस घेतली. खरंच! बोलणाऱ्याचं वाक्य अर्धं असताना कट. एका आजींना जमेना, त्या म्हणाल्या "बरं ठेवते हं" असं म्हणून ठेवलं तर चालेल का. चालेल म्हणाल्या ताई, पण चष्मा आणायला जायचं नाही.

बाकी वहीत चार ओळी. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे आपले पैसे गेले. लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके फाईल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) आली तर उघडायची नाही, ओळखीच्या माणसाकडून आली तरी नाही, त्याला फोन करून विचारायचं. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेशात कोणी डिजिटल अरेस्ट म्हणाला तर असं काही कायद्यात नाहीये, कट करायचं आणि घरच्यांना सांगायचं. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, उद्या नाही, मुलगा ऑफिसातून आल्यावर नाही, लगेच. हा शेवटचा भाग त्यांनी परत परत सांगितला कारण फसलेली म्हातारी माणसं लाजेने गप्प बसतात आणि तेवढ्या वेळात पैसे पुढच्या खात्यात जातात.

आता शंकेचा तास. दोन महिने संपले तरी क्लास संपत नाही. दर शनिवारी त्याच हॉलमध्ये एक तास शंका, जुन्या बॅचचं कोणीही यावं, फी नाही, नाव नोंदवायचं नाही. ॲप अपडेट होतात, बटणं इकडची तिकडे जातात. आता लोकलचं तिकीटच बघा ना, यूटीएस या रेल्वेच्या तिकिटाच्या ॲपवर शिकवलं आणि मग रेल्वेचंच नवीन रेलवन ॲप आलं जुलै २०२५ ला, काका परत कोरे. घरी विचारलं तर "परवाच सांगितलं ना बाबा तुम्हाला". ही परवाच सांगितलं ना ची जी बोच असते त्याने माणसं विचारायचीच बंद होतात, आणि विचारणं बंद झालं की शिकणं बंद. शनिवारी तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला तरी तिथे कोणी भुवई उंचावत नाही. माझ्या मते कुठलाही ज्येष्ठांचा क्लास, मोबाईलचा असो नाहीतर संस्कृतचा नाहीतर पेटीचा, याच्यावर उभा राहतो नाहीतर पडतो. परत विचारायची सोय आहे का? ती असेल तर शिकवणारा साधारण असला तरी चालतो. ती नसेल तर एसी आणि प्रोजेक्टर काय करायचे.

आणि शनिवारी उत्तरं देतात कोण, तर बरेचदा जुन्या बॅचचेच. फोटोवाले काका आता गॅलरीचे एक्सपर्ट आहेत, फोटोचं काहीही असलं की त्यांच्याकडे पाठवतात. आई हयातीच्या दाखल्याची. नोव्हेंबरात तिच्यासमोर खुर्च्या लावून बसले होते लोक. बरोबरीच्या वयाच्या माणसाने सांगितलं की वेगळं असतं, तो त्याच ठिकाणी अडकलेला असतो जिथे तुम्ही अडकलाय. परदेशात युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज म्हणून चळवळ आहे, १९७३ ला फ्रान्समध्ये तूलूझला सुरू झाली तेव्हा ती विद्यापीठाच्या प्राध्यापकांवर चालायची, नंतर १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये गेल्यावर त्यांनी प्राध्यापकच काढून टाकले, सभासदच शिकवणार आणि सभासदच शिकणार, पदवी नाही परीक्षा नाही. ती तिकडे अजून जोरात चालू आहे. आमच्या संघातल्या कोणी हे वाचून केलंय असं नाही, गरजेतून तिथेच पोचले.

साडेचार वाजता चहा येतो. हा टाईमपास नाहीये. दीड तास सलग बसून या वयात लक्ष राहत नाही, गुडघे धरतात, बाथरूमला जायचं असतं आणि मध्येच उठायला संकोच वाटतो. चहाच्या दहा मिनिटांत सगळं होतं, आणि त्याच दहा मिनिटांत कोण आज आलं नाही, का आलं नाही हे पण कळतं. एक आजी दोनदा आल्या नाहीत तर दोघी जणी घरी जाऊन आल्या, ताप होता. मला शिक्षणातलं फार कळत नसेल पण माणूस क्लास सोडतो तो बहुतेक वेळा अवघड पडलं म्हणून नाही, दोन दिवस चुकले आणि आता मागे पडलो, जायला लाज वाटते म्हणून सोडतो. इथे चुकलेलं त्या दोघींनी घरी बसून भरून काढलं. बॅच संपेपर्यंत जवळजवळ सगळे टिकले, त्यात या चहाचा वाटा मोठा आहे.

आता तक्रारी, अर्धा स्टार कशाला कापला ते.

हॉल पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. ज्येष्ठांच्या क्लासला हे चालणारच नाही. कठडा एकाच बाजूला आहे, उतरताना तो डाव्या हाताला येतो, डाव्या हातात काठी असलेल्यांचं काय? तळमजल्यावर जागा मिळत नाही म्हणतात, भाडं परवडत नाही, मान्य आहे, पण मग जे जिना चढू शकत नाहीत त्यांच्यापर्यंत हे पोचतच नाही आणि त्यांनाच तर हयातीचा दाखला घरबसल्या सगळ्यात जास्त हवाय. महिन्यातून एकदा पोरांना एखाद्या सोसायटीच्या खालीच बसवा, पार्किंगमध्ये चार खुर्च्या टाका. सुचवलंय मी, बघू म्हणालेत.

आयफोनवाल्यांचे हाल होतात. परदेशातली मुलं आपला जुना आयफोन आईवडिलांना देऊन जातात, बॅचमध्ये दोघं होते, सगळं शिकवणं अँड्रॉइडवर, ते दोघं सारखे मागे. त्यांना एक वेगळा पोरगा दिला होता पण तोही अंदाजाने सांगत होता.

मराठी टायपिंग फार उशिरा घेतलं. सातव्या आठवड्यात! माझं म्हणणं आहे ते पहिल्या आठवड्यात हवं, कारण बोलून टाईप करता येतं, माईकचं चिन्ह दाबायचं आणि मराठीत बोलायचं, की झालं. हे कळल्यावर आईने जे मेसेज पाठवायला सुरुवात केली ती थांबेना. त्याआधी फक्त हात जोडल्याचं चिन्ह यायचं. आता "भाजी काय केलीस", "पाऊस आहे का तिकडे", "तुझा भाऊ फोन उचलत नाहीये". जे सगळ्यात जास्त आनंद देतं ते सगळ्यात शेवटी का?

आणि बॅचमध्ये पुरुष जास्त. बायकांना दुपारी चारला निघणं अवघड जातं, नातवंडं शाळेतून येतात तेव्हा, सून कामावर असते. फांगणेला जसं आवरल्यानंतरची वेळ धरली तसं इथे दोन ते साडेतीन केलं तर बायका वाढतील. हे पण सांगितलंय.

कोणाला आपल्या आईबाबांसाठी असा क्लास बघायचा असेल तर फी आणि सर्टिफिकेट विचारण्याआधी एवढं विचारा: शिकणाऱ्याच्या स्वतःच्या फोनवर शिकवतात का, फोन हातातून घेतात का, बॅच किती जणांची, कोर्स संपल्यावर विचारायला कधी यायचं, आणि जिना किती पायऱ्यांचा आहे. शक्य असेल तर एक दिवस मागे बसून बघा. बसू देत नसतील तर दुसरा क्लास बघा.

जाताना सोबत काय द्यायचं तेही लिहिते कारण पहिल्या दिवशी अर्ध्या लोकांकडे यातलं काही नव्हतं: जवळचा चष्मा, चार्जर, आधार कार्ड आणि पीपीओचा कागद झेरॉक्स नको ओरिजिनल, आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू आहे का ते घरीच तपासून घ्या नाहीतर ओटीपी कुठल्यातरी बंद सिमवर जातो, आणि शंभर पानी वही, मोठ्या रेघांची. पाण्याची बाटली तिथे मिळते. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, नोव्हेंबर सुरू व्हायच्या आत नाव द्या म्हणजे दाखल्याचं काम त्याच बॅचमध्ये होऊन जाईल.